सत्तेचाळिसाव्या पानाची चिठ्ठी

मित्रांनो, स्टिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हॉकी येते. पण मी एका जुन्या छापखान्यातली स्टिक आहे. वीतभर लांब, लोखंडाची, तीन बाजूंना काठ असलेली. जुळारी मला डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताने शिशाचा एकेक खिळा उचलून माझ्यात उभा करायचा. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर. अक्षरांच्या ओळी व्हायच्या, ओळींची पानं व्हायची. हल्ली मी बहुतेक झोपेतच असते, त्यामुळे सांगताना थोडी पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या.

माझा छापखाना नागपुरात होता, विद्यापीठाच्या नात्यातला. बैठी कौलारू इमारत, आत दोन यंत्रं आणि भिंतीला टेकलेल्या खिळ्यांच्या केसा, म्हणजे खणाखणांच्या पेट्या. तिथे एक संशोधनाचं त्रैमासिक निघायचं. मी आले १९६२ साली. शिलालेख, धानाचे रोग, गोंडी गाणी असं काय काय माझ्यातून गेलं. सगळं उलटं, आरशात पाहिल्यासारखं. मला सुलटं वाचता येतच नाही. प्राध्यापक मंडळी आपला लेख छापून आला की खूश होत. माझं नाव कुणी घेत नसे. मला त्याचा थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

माझे जुळारी देवराव. मूळचे कन्हान नदीकाठच्या खापा गावचे. चौथीपर्यंत शिकलेले, पण वाचायचे मात्र खूप, कारण जुळवताना वाचावंच लागतं. त्यांच्या अंगठ्याने माझा एक काठ गुळगुळीत झाला होता. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की सगळ्या खोलीभर ओला वास पसरायचा, यंत्राचा ठेका संथ व्हायचा, आणि मला वाटायचं, आपण देवरावांच्या हातात असंच डुलत राहावं.

१९७१ च्या मे महिन्यात श्रीधर सरांचा लेख आला. सर अर्थशास्त्र शिकवायचे. तरुण, हुशार, कामसू. लेख खाप्याच्या विणकरांवर होता. देवराव हौसेने जुळवायला लागले. गावाचं नाव आलं की खिळा जरा ऐटीत बसवायचे. मग एक वाक्य आलं : 'या गावी स्त्रिया मागावर बसत नाहीत, त्या केवळ सूत भरण्याचे काम करतात.' त्यांचा हात थांबला.

छापलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालणाऱ्या सिंधूताई शेजारीच बसत. त्यांनी विचारलं, "काहून गा देवराव, थांबला काहून?"

"ताई, बाप गेल्यावर मायनं वीस वर्षं माग चालवला. आन् सर लिहून राहिले का बाया मागावर बसतच नाही."

"मग सांग ना मनोहररावले."

मनोहरराव म्हणजे आमचे संपादक. विद्वान माणूस, पण नियमाला पक्के. लेखकाच्या मजकुरात जुळाऱ्याने काना-मात्रेचाही बदल करायचा नाही, हा त्यांचा दंडक. देवराव त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. वाक्य जसंच्या तसं जुळवलं. निदान प्रूफ वाचताना कुणाला तरी शंका येईल, अशी त्यांना आशा होती. प्रूफ वाचून परत आलं. त्या वाक्यावर कुणाचीही खूण नव्हती.

त्या दुपारी देवरावांनी तळटिपांची बारीक अक्षरांची केस ओढली आणि माझ्यात एक ओळ जुळवली, स्वतःची : 'खाप्याच्या नदीकडच्या मोहल्ल्यात बायजाबाई वीस वर्षे मागावर बसली.' छापायला नव्हे, मित्रांनो. नुसती पाहायला. आपल्या मायचं नाव शिशात कसं दिसतं, ते त्यांना पाहायचं होतं. किती तरी वेळ ते पाहत राहिले. मीही पाहत राहिले. इतकी हलकी ओळ मी कधी पेलली नव्हती.

भरलेली स्टिक खाली ठेवायची नाही, अशी आमच्याकडची शिस्त. जेवायची वेळ झाली तशी त्यांनी ती ओळ त्याच लेखाच्या गॅलीच्या, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या लांब तबकाच्या, कडेला सरकवली. जेवून आल्यावर खिळे पुन्हा केसमध्ये टाकायचे, असा बेत होता. पण जेवता जेवताच त्यांना भोवळ आली. उन्हाची लू लागली होती. तीन दिवस ते घरी पडून राहिले.

पानं बांधायचं काम ताराचंदकडे होतं. त्याला गॅलीच्या कडेला बारीक अक्षरांतली ओळ दिसली. आमच्याकडे बारीक अक्षर म्हणजे तळटीप, यात कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं. त्यातून सत्तेचाळिसाव्या पानाखाली एक ओळ कमी पडत होती. ताराचंदने मजकूर पाहिला, बायका आणि माग यांचं वाक्य शोधलं, त्यापुढे ताऱ्याची खूण घातली आणि ओळ खाली बसवली. नेटकं काम केलं बिचाऱ्याने! पानं बांधल्यावर फक्त मथळे आणि पृष्ठांक तपासायची रीत होती. ते बरोबर होते. देवराव परत आले तेव्हा गॅली रिकामी होती. ताराचंदने ओळ मोडून खिळे केसमध्ये टाकले असतील, असं त्यांना वाटलं.

अंक छापला गेला. तीनशे प्रती. टपालात पडायच्या आधी एक प्रत श्रीधर सरांना मिळाली आणि ते तडक छापखान्यात आले.

"ही तळटीप माझी नाही. कोण ही बायजाबाई?"

ताराचंद म्हणाला, "लावली मीच, सर. मले वाटलं तुमचीच आहे."

तो आणखी काही बोलायच्या आत देवराव पुढे झाले. "त्याची चूक नाही. ओळ माही आहे. बायजाबाई माही माय."

मनोहररावांनी चष्मा काढला. "देवराव, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. तुमच्याबद्दल काय करायचं ते संपादक मंडळाच्या बैठकीत ठरेल. आधी शुद्धिपत्र जुळवा. प्रत्येक अंकात चिकटवायचं."

मजकूर त्यांनी तिथेच लिहून दिला. जुळवायचा कुणी? देवरावांनीच. त्यांनी मला हातात घेतलं आणि एकेक खिळा उभा केला : 'पृष्ठ ४७ वरील तळटीप नजरचुकीने छापली गेली आहे. ती' — पुढचे शब्द होते 'रद्द समजावी'. देवरावांचा हात 'र'च्या खणापाशी गेला आणि तिथेच राहिला. मला रडू येत होतं, पण लोखंडाला रडता कुठे येतं?

"सर," देवराव हळूच म्हणाले, "मी पूर्ण करतो. फक्त एक सांगा. तुम्ही नदीकडच्या मोहल्ल्यात गेले होते का?"

श्रीधर सरांनी खाली पाहिलं. "नाही. वरच्या पेठेतल्या मंडळींनी मला सगळे माग दाखवले. तिकडे काही नाही म्हणाले."

"तिकडं आम्ही राहतो, सर."

सर मनोहररावांना म्हणाले, "सोमवारपर्यंत अंक थांबवा." आणि निघून गेले.

शुक्रवार ते सोमवार मी अर्धं वाक्य पोटात घेऊन पडून होते. शिस्त मोडून देवरावांनी मला तशीच ठेवली. त्या तीन दिवसांत मला एकच स्वप्न पडत होतं. कन्हानच्या वाळूवर लांबच लांब सूत ताणलेलं. कुणी बाई त्याच्या कडेने चालते आहे, धाग्याला हात लावते आहे, आणि जिथे हात लागेल तिथे अक्षर उमटतं आहे. नदी उलटी वाहते आहे, बाई उलटी चालते आहे. मी स्वप्नंसुद्धा उलटीच पाहते! पण तिचा चेहरा काही केल्या दिसेना.

सोमवारी सर आले. उन्हाने रापलेले, चपलांना वाळू. रविवारी एकटेच बसने खाप्याला गेले होते.

"देवराव, तुमच्या आईंनी मला माग दाखवला," ते म्हणाले. "म्हणजे मागाचा खड्डा. आता त्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मी विचारलं, खरंच तुम्ही बसायच्या? तर म्हणाल्या, 'मी बसली नसती त देवराव काय हवा खाऊन मोठा झाला असता का, बापू?' मग शेजारच्या आणखी तिघी आल्या. त्याही बसायच्या."

त्यांनी खिशातून कागद काढून मनोहररावांपुढे ठेवला. मनोहररावांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "लेखकाचा मजकूर आहे. जसाच्या तसा जुळवा."

देवरावांनी माझ्यातलं अर्धं वाक्य मोडलं. खिळे आपापल्या खणात टपटप पडले. मला एकदम मोकळं वाटलं. मग त्यांनी नवी चिठ्ठी जुळवली : 'पृष्ठ ४७ वरील माझे विधान चुकीचे आहे. त्याखालील तळटीप बरोबर आहे. नदीकडच्या मोहल्ल्यात मी गेलो नव्हतो.'

सिंधूताईंनी मैद्याची खळ शिजवली आणि तीनशे चिठ्ठ्या एकटीने चिकटवल्या. मंडळाने देवरावांना ताकीद दिली, नोकरी राहिली. एक अंक ते खाप्याला घेऊन गेले. बायजाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "यात मी कुठं आहे?" देवरावांनी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला हातात घेऊनच सिंधूताईंना सांगितलं.

१९८४ साली ऑफसेट छपाई आली. खिळे वितळवायला गेले, देवराव निवृत्त झाले. मला कुणीतरी कपाटात टाकलं. गंज चढतो आहे, पण त्याची तक्रार नाही. माझी विनंती वेगळी आहे. मित्रांनो, मैद्याची खळ फार टिकत नाही. ती सुकते, किडेही खातात. एखाद्या ग्रंथालयात तुम्ही तो जुना अंक उघडाल आणि बोटभर रुंदीची एक पिवळी चिठ्ठी निसटून जमिनीवर पडेल. कचरा समजून झाडू नका. उचला, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर पुन्हा चिकटवा.