जाड टोक आत गेले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे, भोकाचे माप तपासणारा पोलादी दांडा. माझे बारीक टोक भोकात गेलेच पाहिजे आणि जाड टोक कधीही जाता कामा नये. दोन्हींत फरक केसाच्या जाडीच्या जेमतेम चौथ्या भागाइतका. भोकाला तेवढीच चूक माफ.

तेवीस वर्षे मी लिफ्टच्या ब्रेकची भोके तपासली. तपासणी खोलीतले काका मला पुसून, तेल लावून पेटीत ठेवत. "हा कोणाची भीड ठेवत नाही," असे सांगत.

मग ही माफी किती असावी, हे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायचे ठरले. डिझाइन करणाऱ्या ताईंनी काकांच्या सगळ्या वह्या संगणकात भरल्या. उत्तर आले: दुप्पट सैल चालेल, काम स्वस्त होईल. नव्या मापाचा गेज आला आणि मी पेटीत पडून राहिलो.

एकदा काकांनी जुन्या सवयीने मलाच उचलले. माझे जाड टोक नव्या ब्रेकमध्ये अलगद आत गेले. अंधारात पायरी चुकावी, तसे मला झाले.

"ताई, या भोकात बसणारी पिन खुळखुळतेय."

"काका, तुमच्याच वह्यांत एकही ब्रेक घसरलेला नाही."

"कसा असेल? सैल निघालेले मी चाचणीला लावायचो. दहातले चार घसरायचे. मग सैल ते सगळेच बाद, लाल डब्यात."

"आणि वहीत?"

"वहीत फक्त पास झालेले. नापास पोरांची मिरवणूक कोण काढतं?"

ताई खुर्चीत बसल्या. "परवा असे वीस ब्रेक बाहेर गेलेत. एक इस्पितळाच्या लिफ्टला बसलाय."

त्यांनी इस्पितळात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "लिफ्ट? चालू आहे की. आत्ताच एक पेशंट वर चाललाय."

"वर पोचला की सगळ्यांना बाहेर काढा. लिफ्ट खाली आणू नका."

फोन चालूच होता. मी काकांच्या मुठीत होतो. त्यांच्या घामाने मला गंज चढेल, हे ठाऊक असूनही त्यांनी मूठ सोडू नये असे वाटत होते. बऱ्याच वेळाने आवाज आला, "उतरले सगळे. बंद केली."

काकांनी नवी वही काढली आणि आठवतील तेवढे घसरलेले ब्रेक लिहायला घेतले. पुष्कळ आठवले नाहीत.

मित्रांनो, यंत्राला जरूर शिकवा; पण तुमचे नापास झालेलेही त्याला दाखवा. जे लिहिलेच नाही, त्याची भीती त्याला वाटणार कशी? मला मात्र वाटते. उरलेले एकोणीस ब्रेक अजून परत आलेले नाहीत.