आईच्या हातावरचा गोळा

"सूनबाई, मुळी वाटून झाली का?" आईनं खाटेवरून विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाट्याशी मी बसले होते. वहिनी रानात पाला आणायला गेलेली. पण डोळे गेल्यापासून आईला घरात फक्त सूनच दिसते!

आमच्या जमातीत झाडपाल्याची विद्या घरातल्या एकाच माणसाला देतात. मुलीला तर नाहीच. ती परक्या घरी जाणार, विद्याही घेऊन जाणार. मी गेले, नवरा वारला, परतही आले. तोवर आईनं वहिनीला हाताशी धरलं होतं. मी आपली लाकडं आणायची, पाणी तापवायची आणि त्या दोघी रानातून हसत आल्या की जळायची. खोटं कशाला बोलू? वहिनीनं नुसता पाटा धुतला तरी मला तिचा राग यायचा. आईच्या पाठीमागून बघून बघून मी सगळं उचललं होतं. पण विचारतंय कोण!

अंगणात सुतार कण्हत होता. लाकूड तासायचा वाकस पायावर बसला होता आणि जखम चिघळली होती. वहिनीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी मुळीची साल वाटली, आतला गाभा टाकून दिला आणि तो गोळा मुकाट्यानं आईच्या हातावर ठेवला. तिनं बोटांत चोळला, नाकाशी नेला. माझा जीव टांगणीला.

"गाभा काढलास? अगं, हे तर मी तुला अजून सांगितलंही नव्हतं," आई खूश होऊन म्हणाली. "माझ्या मुलीला सात जन्मांत सुचलं नसतं. हात जड तिचा." मग माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "पोटची नाहीस, पण हात माझाच उतरलाय तुझ्यात."

दारात वहिनी उभी होती, डोक्यावर पाल्याचा भारा. तिनं सगळं ऐकलं होतं.

खरं सांगायला ती तोंड उघडणार होती.

मी ओठांवर बोट ठेवलं. "हो, आई," एवढंच पुटपुटले आणि गोळा घेऊन बाहेर आले.

मी सुताराच्या पायाला लेप लावत असताना वहिनी शेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, का सांगू दिलं नाहीत?"

"राहू दे गं," मी म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा चांगलं बोललीय. मी होते हे कळलं, तर शब्द मागे घेईल."