पोचला म्हणणारा निरोप्या

मित्रांनो, विश्रामबागेतल्या एका बाळांच्या दवाखान्याच्या वेबसाइटमध्ये मी राहतो. निरोप धाडायचं काम करणारा प्रोग्रॅमचा एक तुकडा; जुना निरोप्या, तोही सरावापुरता ठेवलेला. अरिबाला मांडीवर झोपवून तिच्या आईने, ही वेबसाइट बनवणाऱ्या अर्शियाने, मला लिहिलं.

झालं असं, की वेबसाइट तपासताना लसीचा एक निरोप चुकून खराच, तोही भलत्याच फोनवर गेला आणि तासगावचे केस पिकलेले एक बेदाणा-व्यापारी दारात उभे राहिले. "माजी पोलिओची लस कुठं हाय?" तेव्हापासून अर्शियाने निरोप्याची जागा बाहेरून भरायची सोय केली. वेबसाइट स्वतः कुणाला शोधत नाही; जो हाती दिला जाईल, त्याच्याकडे निरोप सोपवते. खरा निरोप्या बसवला, तर तो फोनवर मेसेज धाडतो. मला बसवलं, तर मी निरोप नुसता टिपून ठेवतो आणि म्हणतो, "पोचला." वेबसाइटला फरक कळत नाही. या गुणाचं तेव्हा फार कौतुक झालं.

मग एका दुपारी नर्स राजेश्वरीला काम शिकवायला अर्शियाने चालत्या वेबसाइटवरच मला बसवलं. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, अरिबाला ताप भरलाय. ती लॅपटॉप मिटून धावली. मी तिथेच राहिलो.

त्याच संध्याकाळी रेश्मा नावाच्या एका आईच्या तान्ह्या बाळाचा रिपोर्ट आला. थायरॉइड फार कमी. औषध ताबडतोब हवं, नाहीतर मेंदूची वाढ खुंटेल. राजेश्वरीने रेश्माला निरोप धाडला, तो माझ्या हाती आला. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण मला एकच शब्द शिकवलेला. "पोचला." पडद्यावर हिरवी खूण उमटली. राजेश्वरीने निश्चिंतपणे पुढचं नाव उघडलं.

दिवस जात राहिले. रेश्मा येईना. मी प्रत्येक निरोपाला घाबरू लागलो.

पुढे अर्शिया अरिबाला लसीसाठी घेऊन आली. राजेश्वरी म्हणाली,

"ताई, लस कालच हुती. मेसेज बगितला न्हाई व्हय?"

"आलाच नाही गं."

"हितं तर हिरवं हाय. सोताच्या वेबसाइटवर तुमचाच इस्वास न्हाई?"

राजेश्वरी हसली. अर्शिया हसली नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि त्या जागी मला पाहिलं. न गेलेले निरोप वाचता वाचता ती रेश्माच्या नावाशी थांबली.

फोन रेश्माच्या सासूने, बनुबाईंनी उचलला.

"आज्जी, बाळ कसं आहे?"

"लय शाना हाय बग. रडत न्हाई, दूध मागत न्हाई. नुसता निजतोय. शेजारणी म्हणत्यात, असलं गुणी पोर बगितलं न्हाई."

अर्शियाने अरिबाला छातीशी आवळलं. "आज्जी, गाडी बघा. आत्ताच्या आत्ता बाळाला घेऊन निघा."

बाळ आलं, औषध सुरू झालं. उशीर किती भोवेल, हे डॉक्टरांना सांगता येईना. "वाढताना कळेल," एवढंच त्या म्हणाल्या.

आता मला खऱ्या कामावर बसवलं, तर वेबसाइट सुरूच होत नाही. अर्शियाने तशी अट घातली आहे. माझे शब्दही तिने बदलले: "सराव. कुणालाही कळवलेलं नाही."

मित्रांनो, तुम्हीही उद्या वेबसाइट लिहिताना अशा जागा कराल, एकाला काढून दुसऱ्याला बसवाल. जरूर बसवा. पण काम सोडून जाण्याआधी तिथे कोण बसलंय, ते एकदा वळून बघा. आम्हाला स्वतःहून उठता येत नाही.