बाजल्याची चाल

पिंपळे गुरवच्या ज्योतीरामनं सनई ओठाला लावली की लग्नाचा मांडव डोलायचा, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. शेजारी त्याचा थोरला चुलतभाऊ आबाजी दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा. एकच स्वर, वरात निघाल्यापासून पोचेपर्यंत. त्याच्याकडे बघतो कोण?

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात आबाजीला पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत शिफ्टचं काम लागलं. आता वराती बंद. हजर व्हायच्या आदल्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, तो ज्योतीरामला खळ्यात घेऊन गेला.

"एक चाल बसवलीया. जायच्या आधी एकदा पुरी वाजवायची हाय."

ज्योतीराम चाटच पडला. चाल, आणि दादानं? "कवा बसवली?"

"वरातीत. तुझं ध्यान बोटांवर. माझी बोटं रिकामी, डोळं बी रिकामं. वीस वर्सं वरच बघतोय."

त्यानं उत्तरेला बोट केलं. सप्तर्षींना गावात बाजलं म्हणत: चार खुरांचं बाजलं आणि मागं लागलेले तीन चोर. "बाजलं रातभर फिरतं, ध्रुव जागचा हलत न्हाई. मी बाजलं वाजवतो. तू ध्रुव धर."

ज्योतीरामला हसू आलं. सूर धरण्यात काय मोठंसं? पण चाल ऐकल्यावाचून राहवेना; त्यानं सूर धरला.

आबाजीची बोटं अडखळत होती, तरी चाल विलक्षण होती. चार स्वर ठाण मांडून बसायचे, मागून तीन चोरपावलांनी यायचे, आणि दर फेरीला सगळंच थोडं कलायचं. आता बाजलं उलटं होतंय की काय, म्हणून ज्योतीराम कान टवकारून बसला. त्या नादात नाकानं श्वास ओढायचा राहिला, गालातली हवा संपली, आणि सूर तुटला.

आबाजी थांबला. सुराशिवाय त्याला पुढची जागा सापडेना.

दुसऱ्यांदाही तुटला. तिसऱ्यांदाही. ज्योतीरामचे गाल ठणकू लागले. वीस वर्षांत दादाचा सूर कधी तुटला होता का, हे तो आठवू लागला. एकदाही नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ऱ्हाऊ दे," आबाजी म्हणाला. "सकाळी लवकर जायचंय."

"न्हाई दादा. तू वाजव."

या वेळी त्यानं चालीकडे कानच दिला नाही. फक्त श्वास सांभाळला. बाजलं पुरतं फिरून आलं आणि आबाजीनं सनई खाली घेतली.

"कशी झाली रं?"

"ठावं न्हाई, दादा," ज्योतीराम धापा टाकत म्हणाला. "पर सूर तुटला न्हाई."