अठ्ठावीस, बारा, एक्याऐंशी

मी कुलूप बोलतोय. किल्लीने उघडणारं साधं नव्हे. तबकडी फिरवून आकडे जुळवावे लागतात, ते. सध्या माझा मुक्काम तुळिंजच्या एका फ्लॅटमध्ये फ्रिजवर आहे, पोह्यांच्या डब्याशेजारी. माझ्या पोटाला वाटाण्याएवढं भोक आहे. ज्याच्यासाठी मी तीस वर्षं तोंड मिटून बसलो, तो गेला. आणि जिच्यासाठी एकदाच, वेळेवर उघडायचं होतं, तिच्यासाठी मी उघडलो नाही. यात माझा काही दोष नाही, असं मी स्वतःला रोज सांगतो. पटत मात्र नाही.

आधी माझी रचना सांगतो, कारण सगळं दुःख तिच्यातच आहे.

बाहेरून दिसते ती तबकडी. तिच्यावर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर घरं. तिच्याभोवती एक लोखंडी कडं आणि कड्याच्या माथ्यावर एक बारीक बाण. तबकडीचा दांडा तिजोरीच्या दारातून आरपार जातो, आणि आतल्या अंगाला त्या दांड्यावर बसलेली असतात तीन पितळी चाकं. प्रत्येकाच्या कडेला एकच खाच. तबकडी डावीकडे फिरवत राहिलं की एक चाक दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिघं मिळून फिरू लागतात. पहिला आकडा चौथ्यांदा बाणाखाली आला की थांबायचं. सगळ्यात मागचं चाक जागेवर बसलं. मग उजवीकडे, दुसरा आकडा तिसऱ्यांदा आला की थांबायचं; मधलं बसलं. पुन्हा डावीकडे, तिसरा आकडा दुसऱ्यांदा येईपर्यंत. आता तिन्ही खाचा एका रांगेत आल्या. शेवटी उजवीकडे वळवलं की वर टपून बसलेली आडवी पट्टी त्या खाचांत उतरते आणि बोल्ट आत ओढला जातो. झालं, दार उघडलं.

सिनेमातला चोर तबकडीला कान लावून अर्ध्या मिनिटात तिजोरी उघडतो, ते बघून मला पूर्वी फार हसू यायचं. मी एका घराची चूक पोटात घालतो. तीन घरांची नाही घालत. तिथे रडून, देवाची शपथ घालून, कपाळ आपटून काही उपयोग होत नाही. मला बनवणाऱ्यांनी याच गुणाची तारीफ केली होती.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. सुरुवातीची वर्षं एका कचेरीत गेली. ती कचेरी बंद पडली आणि वसईतल्या पाचूबंदरच्या व्हिक्टर नाखव्याने तिजोरीसकट मला विकत घेतलं. त्या वर्षी त्याच्या बोटीला मासळी बरी लागली होती. टेम्पोतून मला उतरवताना त्याची बायको एलिसा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"यात काय ठेवनार? बोंबील?"

"तुना ठेवीन," व्हिक्टर तिच्याकडे बोट करत म्हणाला, आणि सगळी आळी हसली.

ठेवण्यासारखं फारसं नव्हतंच. बोटीचे कागद, एलिसाच्या बांगड्या, आणि व्हिक्टरच्या लग्नाचा निळा कोट. आकडे त्यानेच ठरवले. दाराच्या आतून माझ्या पाठीला एक छिद्र आहे, त्यात एक खास चावी घातली की चाकं मोकळी होतात. तेव्हा जे आकडे फिरवाल ते माझे होतात. त्याने लग्नाची तारीख फिरवली. अठ्ठावीस, बारा, एक्याऐंशी.

नंबर लपवण्याची रीत त्या घरात नव्हती. धाकटी लुईझा बापाच्या मांडीवर बसून मला फिरवायची, तिच्या बोटांवर त्याची जाडजूड बोटं. 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना पाठ होण्याआधी तिला माझे आकडे पाठ झाले होते. दर वर्षी अठ्ठावीस डिसेंबरला कोट बाहेर निघायचा, अंगणात बोंबलांच्या शेजारीच त्याला ऊन दाखवलं जायचं, एलिसा डांबरगोळ्या बदलायची आणि म्हणायची, "आता बटन लागनार नाय हां." व्हिक्टर पोट आत ओढून बटण लावून दाखवायचा. माझ्या आयुष्यात सुखाचं असं जे काही आहे, ते एवढंच आहे.

मग एलिसा आजारपणात गेली. तिला लग्नाच्या साडीत पुरलं.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी लुईझाने तुळिंजच्या विघ्नेशशी कोर्टात लग्न केलं. मुलगा नोकरदार, कोकणातून आलेल्या घरातला, स्वभावाने चांगला. पण चर्चमध्ये लग्न नाही आणि बापाला आधी सांगितलंही नाही, याचा व्हिक्टरला घाव बसला. थोरला जोएल जहाजावर नोकरीला होता, तेव्हा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "बाबा, तिना नंबर माहीत हाय. बदलून टाक."

व्हिक्टरने दार उघडलं, चावी माझ्या पाठीत घातली. जोएलने भलेपणाने मान फिरवली. व्हिक्टरने तबकडी धरली. मला वाटलं, आता नवे आकडे येणार. डावीकडे, चौथ्यांदा, अठ्ठावीस. उजवीकडे बारा. डावीकडे एक्याऐंशी. त्याने चावी काढली आणि म्हणाला, "बदलला."

हे फक्त त्याला आणि मला माहीत. जोएलने बहिणीला फोनवर सांगितलं की तू गेलीस त्याच आठवड्यात बाबाने नंबर बदलला. नऊ वर्षं तिने ते मनात जपून ठेवलं. ती आली नाही, आणि त्याने बोलावलं नाही. दोघंही एकाच लाकडाची.

मधल्या काळात कौलारू घर पाडून स्लॅबचं घर झालं. तिजोरी हलवताना दोर तुटला आणि आम्ही तोंडावर पडलो. कड्याचे स्क्रू आतल्या आत मोडले आणि कडं बाणासकट तीन घरं उजवीकडे सरकून तिथेच रुतून बसलं. माझ्या चाकांना काही झालं नाही. मी होतो तसाच होतो, फक्त माझा बाण खोटं बोलू लागला.

व्हिक्टरने नंबर लावला, मी उघडलो नाही. तो घाबरला. पण कोळ्याचा जीव तो. समुद्रात जाळं टाकायची जागा तो काठावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरून ओळखायचा: किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागचा चर्चचा क्रूस. तशीच त्याने दुपारभर बसून माझी रेषा शोधली. कड्याच्या वर, दारावर, कारखान्याची पितळी पाटी होती. तिच्या खालच्या कडेला मधोमध एक रिबीट, पाटी ठोकून बसवलेला बुटका खिळा. पूर्वी बाण बरोबर त्याच्याखाली असायचा. आकडा बाणाशी न लावता त्या रिबिटाशी लावला, आणि मी उघडलो. व्हिक्टर एकटाच मोठ्याने हसला.

दुरुस्त करायला हवं होतं. पण चालतंय ना, मग कशाला हात लावा, ही माणसांची जुनी खोड. पुढे तर आपण रिबिटाशी आकडा लावतो हे त्याच्या मनातूनही गेलं. हाताला तेवढं ठाऊक राहिलं. वाचताना डोळ्यांना होते तशी हातांनाही सवय होते. रोजचं सवयीचं काम दुसऱ्याला सांगताना नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जोएलचं जहाज दूर होतं, महिनाभर तरी येणं शक्य नव्हतं. शेजाऱ्यांनी लुईझाला फोन केला आणि ती नऊ वर्षांनी आली, विघ्नेशला घेऊन. पुढच्या खोलीत खाटेवर बाप, मागच्या खोलीत मी, मधे उघडं दार. मला सगळं ऐकू येत होतं. दोघं एकमेकांशी औषधापाण्यापुरतंच बोलत होती.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने तिला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"लुईझा, तिजोरीतला कोट काढून ठेव. माज्या लगनाचा. मना तोच घाल."

"बाबा, असं काय बोलतो?"

"तुजी आई लगनाच्या साडीत गेली. मी दुसरं काय घालून गेलो तं ती मना ओळखनार नाय."

लुईझाने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तिने विचारलं, "नंबर?"

"तोच. अठ्ठावीस, बारा, एक्याऐंशी."

ती माझ्यासमोर येऊन बसली. तिचे हात मी ओळखले. तिने तबकडी फिरवली, आकडा बाणाच्या टोकाशी केसभरही इकडेतिकडे न होता लावला. डावीकडे चार, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. माझी पट्टी खाली आली आणि चाकांच्या सपाट कडेवर आपटली. खाचा तीन घरं लांब होत्या. तिने पुन्हा लावला. मी आतून आकांत करत होतो: पोरी, वर बघ, रिबिटाला लाव! पण कुलपाला वाचा नसते. तिसऱ्यांदा नाही उघडलं तेव्हा तिने दारावर कपाळ टेकलं.

"जुना नंबर दिला," ती पुटपुटली. "मरतानासुद्धा नाही म्हणजे नाहीच."

पलीकडून व्हिक्टरने विचारलं, "मिळाला काय?"

इथे ती 'नाही' म्हणाली असती तर! तिने 'नाही' म्हटलं असतं, तर तो गोंधळला असता, हात हवेत फिरवून बघितला असता, आणि त्या हाताने त्याला रिबिटाची आठवण करून दिली असती. पण मरणाऱ्या माणसाशी भांडायचं कशाला, असं तिला वाटलं असेल. की त्याला थोडं लागावं असं वाटलं, कोण जाणे.

"मिळाला, बाबा."

"डांबरगोळीचा वास येत असंल. ऊन दाखव."

"दाखवते."

दुपारी त्याने पुन्हा विचारलं, "ऊन दाखवलं?" ती म्हणाली, "दाखवलं." तो समाधानाने हसला. तिला ते हसणं आपली फजिती बघून हसल्यासारखं वाटलं. बाप आणि लेक शेवटचं जे बोलली, ते हे. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हिक्टर गेला.

चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा दुपारी चारला होती. विघ्नेश तिला म्हणाला, "आपल्याकडे तुळिंजला आत्माराम आहे, कुलूपवाला. एका तासात येईल. कोट मिळेल ना."

"नको."

"अगं, त्यांची शेवटची इच्छा..."

"त्याला उघडायचं असतं तर त्याने खरा नंबर दिला असता. राहू दे बंद."

विघ्नेशने वसई रोडच्या दुकानातून एक तयार राखाडी कोट आणला. खांद्यांना ढगळ होता. मी मागच्या खोलीतून बघत होतो. त्या कोटात व्हिक्टर मलाही ओळखू येईना. माझ्या पाठीमागे, एक वीत अंतरावर, निळा कोट घडी घालून पडला होता. पेटी उचलली, बायका रडल्या, घर रिकामं झालं. माझ्या मजबूतपणाची मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

तीन आठवड्यांनी जोएल आला. बोटीचे कागद हवे होते, म्हणून त्याने आत्मारामला बोलावलं. लुईझाही आली होती. आत्मारामने माझ्या तबकडीशेजारी बारीक ड्रिल लावलं, भोकातून दिव्याची बारीक नळी घातली, तिला डोळा लावला आणि चाकं बघत तबकडी फिरवू लागला. माझ्या पोटात पहिल्यांदाच उजेड पडला.

"एकतीस, पंधरा, चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "तुम्हाला काय सांगितला होता?"

"अठ्ठावीस, बारा, एक्याऐंशी," लुईझा कडवटपणे म्हणाली. "जुना."

आत्माराम थांबला. त्याने कड्यावर नख फिरवलं, पाटीकडे बघितलं. "ताई, तिन्हींत तीन-तीनचाच फरक आहे. नंबर खराच दिलाय. हे कडं सरकलंय. ह्या रिबिटाला लावून बघा बरं."

"माझ्यासमोर बदलला होता," जोएल म्हणाला.

"बदलला असेल तर परत त्याच नंबरावर ठेवला असेल."

लुईझा खाली बसली. अठ्ठावीस, बारा, एक्याऐंशी, रिबिटाशी. पट्टी खाचांत उतरली, बोल्ट सरकला, दार उघडलं. निळा कोट समोर होता. तिने तो छातीशी धरला नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मी त्याला 'मिळाला' म्हटलं, जोएल. ऊन दाखवलं म्हटलं." जोएलने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला.

नंतर ती फादरांकडे गेली होती, कबर उघडून कोट आत ठेवता येईल का विचारायला. फादरांनी प्रेमाने नाही म्हटलं.

भोक पडलेलं कुलूप तिजोरीला काय कामाचं? जोएलने नवीन बसवलं आणि मला भंगारात टाकणार होता. लुईझा मला घेऊन आली. रिबीट दारावरच राहिलं, म्हणून तिने माझ्या कड्यावर त्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असाल तर एवढं करा, मला तिच्या नकळत उचला आणि पाचूबंदरच्या धक्क्यावरून पाण्यात टाका. खाऱ्या पाण्याने चाकं गंजतील, खाचा बुजतील, मी सुटेन. कदाचित तीही सुटेल.

कारण रोज संध्याकाळी कुकर लावला की ती मला फ्रिजवरून खाली घेते. डावीकडे चार, उजवीकडे तीन, डावीकडे दोन, लाल ठिपक्याशी. मी दर वेळी उघडतो, एकदाही चुकत नाही. बोल्ट आत जातो. समोर दार नसतं. बाल्कनीत निळा कोट सकाळपासून उन्हाला टाकलेला असतो. आणि ती हळूच म्हणते, "उघडली, बाबा. मिळाला कोट."