आत्याचं आडनाव

माझी ताई मोसिदी दक्षिण आफ्रिकेतल्या महिकेंगच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. हजेरीपटावर शाईचा ठिपका पडला तरी ती शिक्षकाला तासभर उभं करते. घरात मात्र नऊ वर्षं राबणाऱ्या बासादीचा एक साधा अर्ज तिच्याच्यानं भरून होत नव्हता. घरकामाच्या बाईकडून महिन्याला चोवीस तासांच्या वर काम घेतलं, की तिचं नाव बेकारी विम्यात घालायचं, पगाराचा शंभरावा हिस्सा तिनं भरायचा आणि तेवढाच मालकिणीनं. झालं. पण अर्ज आणि त्याला टाचलेला करारनामा स्वयंपाकघरातल्या खणात, फडक्यांखाली पडून. बासादी वर्षातून दोनदा तो वर काढून ठेवायची आणि ताई परत खाली सरकवायची.

"अगं, तू काय परकी आहेस? घरचीच तू. मुलं आत्या म्हणतात तुला. घरच्यांत कसले गं कागद?"

हे 'घरचीच' ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरची म्हणून बासादी नाताळातही भांडी घासायची, आणि घरची असूनही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवायची.

यंदा भाची ओम्फिले हिचं लग्न ठरलं. ते उरकलं की घर भाड्यानं देऊन ताई डिसेंबरात मुलाकडे केपटाउनला जाणार होती. बासादी त्रेपन्न वर्षांची. विम्यात नाव असेल, तर काम सुटल्यावर काही महिने थोडेतरी पैसे हातात येतात. नसेल तर काही नाही.

"मामा," नळावर बादली भरता भरता ती मला म्हणाली, "जानेवारीत मी काय खाऊ? घरचीपणा?"

मी ताईशी दोनदा भांडलो. "तू मध्ये पडू नकोस," असं ती दोन्ही वेळा म्हणाली.

शनिवारी सकाळी नवऱ्यामुलाकडची मंडळी आली. पुरुष कोट घालून, बायका खांद्यावर शाल टाचून. आमच्यात कुणी "मुलगी द्या" असं सरळ म्हणत नाही. "पाण्याचा भोपळा मागायला आलोय," म्हणतात आणि सगळे गंभीर चेहरे करून बसतात. वाळवून पोकळ केलेला तो भोपळा पाण्यानं भरून हातात दिला, की होकार; आणि तो द्यायचा मान ताईच्या सासरी मुलीच्या आत्याचा.

मुलाकडून बोलायला सेदुमेदी म्हणून एक म्हातारे होते. उभा जन्म कोर्टात दुभाष्याचं काम केलेले, त्यामुळे एक शब्द सुटायचा नाही.

"मुलीची आत्या कुठंय?" त्यांनी विचारलं.

झाली पंचाईत. भावजी तर कधीच वारलेले, आणि त्यांना बहीण नव्हतीच. ताईच्या कपाळाला घाम फुटला. तेवढ्यात बासादी आल्याच्या सरबताचा दुसरा ट्रे घेऊन दारात आली.

"ही काय!" ताई म्हणाली. "हीच आत्या. आमच्या घरचीच."

पाहुण्या बायकांनी आनंदानं किलकारी मारली, आत्याच्या मानाचं म्हणून आणलेलं नवंकोरं ब्लँकेट बासादीच्या खांद्यावर घातलं. बासादीनं एकदा खांद्यावरच्या ब्लँकेटकडे पाहिलं. मग तिनं ट्रे ताईपुढे केला.

"वहिनी, हे धरा जरा."

माझ्या नाकात सरबत गेलं. नऊ वर्षं जिला ती 'बाई' म्हणत होती, तिची आता वहिनी झाली होती. बासादी मानाच्या जागी चटईवर ऐसपैस बसली.

"आत्याबाई, पाण्याचा भोपळा मागायला आलोय," सेदुमेदी म्हणाले.

"देते की. पण आधी जरा घरातलं विचारते. वहिनी, घर भाड्यानं द्यायचं ठरलं, तुम्ही केपटाउनला जाणार, आणि नणंदेला एका शब्दानं विचारलं नाहीत. माझी खोली कुठली तिकडे? मला खिडकी लागते हं."

"बासादी, आत ये जरा!"

"अगंबाई, पाहुण्यांसमोर नावानं हाक?"

सेदुमेदींनी मान डोलावली. "नणंद-भावजयींचं बिनसलेल्या घरातून आम्ही मुलगी नेत नाही. बसतो आम्ही. सरबत आहे ना अजून?"

ताई तिच्याजवळ वाकली. "काय हवंय काय तुला?" आवाज दबका होता, पण खोलीत तो ऐकू गेला नाही असा एकही माणूस नव्हता.

"काहीतरी एक ठरवा. घरची असेन तर खोली द्या. कामवाली असेन तर तो अर्ज भरा."

खण मला ठाऊक होता. फडक्यांखालचे कागद मीच आणले, पेनही माझंच दिलं. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो.

ती लिहू लागली. कामाला लागल्याची तारीख आली, तिथं तिनं यंदाचा जानेवारी घातला.

"आई, मी आठवीत होते तेव्हा!" दाराआडून नवरी ओरडली. तिनं आज बाहेर यायचं नसतं, बोलायचं तर त्याहून नसतं.

ताईनं खोडलं आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. मागचे सगळे हप्ते दंडासकट भरायचे, हे तिच्या चेहऱ्यावरच उमटलं. मग करारनाम्यात कामाचे दिवस लिहिले. मग नावाच्या रकान्यात 'बासादी' लिहिलं, आणि पेन थांबलं.

"तुझं..." ताई खाली बघत म्हणाली, "तुझं आडनाव काय गं?"

कुणी हसलं नाही. मी ताईला चांगलं फैलावर घेणार होतो, आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं की मलाही ठाऊक नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"सेलेके," बासादी म्हणाली. आणि आम्हा दोघांकडे पाहून पुन्हा एकदा, सावकाश, "सेलेके."

ताईनं लिहिलं, सही केली. बासादीनं केली. साक्षीदाराला जागाच नव्हती, तरी सेदुमेदींनी जुन्या सवयीनं समासात सही ठोकली.

बासादीनं ब्लँकेट उतरवलं, नीट घडी घातली आणि पाहुण्यांपुढे ठेवलं. "मी आता कामवाली. हे माझं नाही."

"मग पाणी कोण देणार?" सेदुमेदी गडबडले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दाराआड कुणीतरी हुंदका दिला.

बासादीनं करारनामा उचलून, बोट ठेवून वाचला. "कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार. मामा, आज वार कोणता?"

"शनिवार!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

"म्हणजे मला सुट्टी आहे."

तिनं घडी मोडून ब्लँकेट पुन्हा खांद्यावर घेतलं, भोपळा काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी सेदुमेदींपुढे धरला.

"घ्या. आमच्या पोरीला जपा," ती म्हणाली. मग तिनं मागे वळून पाहिलं. "वहिनी, बसताय काय? पाहुण्यांचे पेले उचला की."

ताईनं उचलले.