कमानीखालचा मान

आमच्या गावाला एकच रोग, शेजारच्या गावाबद्दलची जळजळ. तिकडच्या चर्चच्या दारावर टोकदार कमान झाली, तिच्या कडेनं कुरळी दगडी पानं चढली, आणि इकडे आमच्या मोठ्या फादरांची, युस्टाखियसांची, झोप उडाली. आमचे हे, बुर्कहार्ट, गावचे पाथरवट, म्हणून आमच्याही चर्चच्या दारावर तशीच कमान चढवायचं काम यांच्याकडे आलं. फादर रोज यायचे, माझी बिअर ढोसायचे आणि म्हणायचे, "आणखी पानं!" पानं झाली. मग टोकावर फूल, मग आतून झालरीसारखी नक्षी. शेवटी फर्मान निघालं की मधोमध एक दगडी घोस लोंबता हवा.

"फादर, एवढं वजन कमान पेलायची नाही," हे म्हणाले.

"तुझी श्रद्धाच कमी पडतेय!" फादर म्हणाले. आणि वर हातभर अक्षरांत कोरून घेतलं, 'ही कमान युस्टाखियसनं उभारली.'

आमच्याकडची रीत अशी, की बांधताना खालून आधाराला लावलेला लाकडी सांगाडा काढताना कमान उभारणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं. टिकली तर मान, पडली तर मसणवट. म्हणजे उभं राहायचं ते यांनीच. मला रडू येत होतं, आणि संताप तर विचारू नका.

सांगाडा काढायच्या दिवशी सगळा गाव जमला. हे टोपी काढून निघाले, तशी मी बाही धरली.

"अहो, दुसऱ्याच्या मानावर डल्ला मारायला कुठं निघालात?"

"वाल्बुर्गा, गप गं!"

"का म्हणून गप? वर काय कोरलंय ते वाचा की. या फादर, कमान तुमची, जागाही तुमचीच."

"या की!" खाटीक ओरडला. "श्रद्धा आहे ना?"

फादरांना लोकांनी पुढं ढकललंच. त्यांनी वर पाहिलं. घोस नेमका टकलावर. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. एकदम गुडघे टेकून किंचाळले, "थांबा! लाकडात मला संत दिसतायत! सांगाड्याला हात लावाल तर खबरदार!"

तेव्हापासून सांगाडा परांचीसकट तिथंच आहे. लांबलांबून लोक येतात आणि फळ्यांचे मुके घेतात. शेजारचं गाव आता आपल्या धड उभ्या कमानीला टेकू लावतंय म्हणे.

यांची पानं मात्र फळ्यांआड गेली. परवा कोबी वाढला तर डोळे पुसत म्हणाले, "कुणाला दिसणारच नाहीत गं ती."

मी म्हटलं, "रडा बापडे. तुम्ही मला दिसताय, तेवढं पुरे."